रिकाम्या खुर्चीची नजर

आधीच सांगून टाकते... या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर टवाळी करायलाच वाचायचे. रूममेटला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मध्येच थांबून "इथे मांजर असणार", "इथे बाईंना झोप लागली असणार" अशी स्पष्टीकरणं द्यायचे. मानसशास्त्रात एम.ए. झालंय माझं. डोळे माणसाला किती प्रकारे फसवतात हे तर अभ्यासक्रमातच होतं. त्यामुळे कोणी "मला दिसलं" म्हणालं की मला त्याची भीती नाही, कीव यायची.

माझी अडचण अशी झालीय की मला स्वतःला काहीच दिसलं नाही. दिसलं ते मशीनला, आणि त्याची फाईल अजून आमच्या हार्ड डिस्कवर पडलेली आहे.

मी नांदेडच्या एका कॉलेजात संशोधन प्रकल्पावर काम करते. कॉलेजचं नाव देत नाही, कारण नोकरी अजून तिथेच आहे. विषय तसा साधा आहे — शेतकरी फवारणीचं औषध घेताना डब्यावरच्या लेबलवर नेमकं काय बघतो? विषाचं चिन्ह बघतो, हातमोज्यांचं चित्र बघतो, की नुसता डब्याचा रंग? हे विचारून कळत नाही. विचारलं की सगळे म्हणतात, आम्ही सगळं वाचतो. म्हणून आमच्याकडे आय-ट्रॅकर आहे.

आय-ट्रॅकर म्हणजे स्क्रीनच्या खालच्या कडेला लावायची एक काळी पट्टी. तिच्यातून आपल्याला न दिसणारा उजेड डोळ्यांवर पडतो, बुबुळावरून परत फिरतो, आणि त्यावरून तुम्ही कुठे बघताय ते मशीन काढतं. सुरुवातीला कॅलिब्रेशन असतं. स्क्रीनवर एक गोळा इकडून तिकडे फिरतो, माणसाने फक्त त्याच्याकडे बघत राहायचं. ते जमलं की रेकॉर्डिंग आपोआप चालू होतं. डाव्या डोळ्याचे आकडे वेगळ्या रांगेत, उजव्याचे वेगळ्या. काम करताना मात्र आम्हाला दोन्हींचा मिळून एकच लाल ठिपका दिसतो. फाईलवर माणसांची नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर. आणि एकही फाईल पुसायची नाही, बिघडलेली सुद्धा नाही, हा आमच्या सरांचा कडक नियम.

लॅब म्हणजे पहिल्या मजल्यावरची जुनी स्टोअररूम. उन्हाने ट्रॅकर गडबडतो म्हणून खिडक्यांना जाड काळे पडदे आहेत, भर दुपारीही आत अंधारून आल्यासारखं असतं. मधोमध खुर्ची, समोर स्क्रीन. खुर्चीत बसणाऱ्याच्या डाव्या हाताला, जरा पुढे, एक बुटकं स्टूल. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी तिथे बसते.

आता काकांबद्दल. आमचं गाव लातूरजवळचं मुरुड. वडील मी लहान असतानाच गेले, मला शिकवलं ते थोरल्या काकांनी. बाजारपेठेत त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान, मागे घर. आम्ही लिंगायत. काका सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय दुकानाचं शटर उचलायचे नाहीत. डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसायचे आणि त्यावर नजर लावायचे. लहानपणी मी समोर बसून तोंडं वाकडी करायचे, टाळ्या वाजवायचे, पण त्यांची पापणी हलायची नाही. पूजा झाली की मग माझा कान धरायचे.

प्रकल्पाची पहिली चाचणी आम्ही त्यांच्याच दुकानात घेतली. सर मशीनवर बसले, मी गिऱ्हाइकांना सांभाळत होते. गिऱ्हाइकं बिचकत होती म्हणून पहिले काकाच जाऊन बसले. लेबलचा फोटो आला की नीट बघायचे, पण दोन फोटोंच्या मध्ये स्क्रीन कोरी झाली की त्यांची नजर खाली, डावीकडे, स्क्रीनच्या बाहेरच जायची. सरांना कळेना. मी डावा तळहात छातीसमोर धरून दाखवला तेव्हा त्यांना उलगडा झाला. ते हसून म्हणाले, काका, तुमची पूजापण रेकॉर्ड झाली. काका म्हणाले, होऊ द्या की, ठिवा जपून.

काकू दाराशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. या मशिनीला काय कळतंय, असं त्यांनी विचारलं. मला तेव्हा नव्या नोकरीचा भारी तोरा होता. माणूस बोलला नाही तरी त्याला काय पाहिजे ते मशीनला कळतं, असं मी ठोकून दिलं. काकूंनी ते मनात धरून ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात काका दुकानातच कोसळले. मेंदूत रक्तस्राव. लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात व्हेंटिलेटरवर ठेवलं. डोळे मिटलेले, हाक मारली तर काही नाही. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. सोलापूरला नेऊन ऑपरेशन करून बघायचं — आशा थोडी, आणि वाटेतच काही झालं तर सांगता येत नाही. नाहीतर घरी न्या. डॉक्टर "घरी न्या" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळतं.

बसूदादा, म्हणजे काकांचा मुलगा, सोलापूर म्हणत होता. काकू काहीच म्हणत नव्हत्या. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून होत्या, पदराच्या गाठीशी खेळत. निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांना पेलवत नव्हता. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर माझा हात धरून म्हणाल्या,

"लीला, तुजी ती मशीन आण. त्यांला बोलता येईना, पर तुज्या मशिनीला कळंल की त्यांचं मन कुठं हाय."

मी समजावलं की काकू, डोळे उघडे लागतात, मिटलेल्या डोळ्यांचं मशीनला काही कळत नाही. त्या म्हणाल्या, "मशीन म्होरं ठिवली की उघडतील."

मी नांदेडची बस पकडली. चाकूर, अहमदपूर, लोहा... पूर्ण रस्ता स्वतःला सांगत होते की हा वेडेपणा आहे. खरं सांगायचं तर त्या बाकापासून लांब जायला मिळालं याचं मला बरंच वाटत होतं. सुट्ट्या होत्या, कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. माझ्याकडे किल्ली होती. मशीन काढून बॅगेत भरायचं आणि परतीची गाडी धरायची, एवढंच ठरलं होतं.

भरण्याआधी चालू करून बघायची आमची पद्धत आहे. एकदा वायर खराब निघाली होती आणि अख्खा दिवस वाया गेला होता. म्हणून स्टुलावर बसले, मशीन चालू केलं. त्यात एक छोटी खिडकी असते, समोर डोळे सापडले की तिच्यात दोन पांढरे ठिपके येतात. खुर्ची रिकामी होती.

दोन ठिपके आले.

माझ्यावर विश्वास ठेवा, मी अजिबात घाबरले नाही. मशीन असं फसतं. चष्म्याची काच, स्टीलची बाटली, खुर्चीचा चकचकीत खिळा... उजेड कशावरूनही परततो. मी बाटली उचलली. खुर्चीच्या पाठीवर ओढणी टाकली. पडदे ओढले होतेच, पुन्हा ओढले. ठिपके तिथेच. मग माणसाचा चेहरा जिथे येईल तिथे, हवेत, मी हात आडवा धरला. ठिपके गेले. हात काढला, परत आले. पुन्हा धरला, गेले.

म्हणजे जे काही होतं ते माझ्या हाताच्या मागे होतं आणि ओढणीच्या पुढे. तिथे काहीही नव्हतं. आणि मग मी हात मांडीवर ठेवून नुसती बघत असताना दोन्ही ठिपके एकदम गेले आणि लगेच आले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. हे मी हजारदा बघितलेलं आहे. पापण्या लवल्या की असं होतं.

पळून का गेले नाही, असं तुम्ही विचाराल. मलाही ते नीट सांगता येत नाही. दार माझ्या पाठीशी नव्हतं, खुर्चीच्या पलीकडे होतं हे एक कारण. दुसरं असं की इतक्या महिन्यांच्या सवयीने बोटं आपोआप पुढचं बटण दाबून मोकळी झाली होती. कॅलिब्रेशन चालू झालं. स्क्रीनवर गोळा फिरायला लागला, वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात, मग मध्ये. समोर कोणी बघत नसेल तर मशीन पुढे सरकतच नाही, तिथेच अडून बसतं. ते एकदाही अडलं नाही. शेवटी हिरवी खूण आली, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं.

स्क्रीन कोरी होती. लाल ठिपका खाली घसरला... डावीकडे... स्क्रीनच्या बाहेर गेला, आणि तिथे थांबला.

खाली, डावीकडे. मला एकदम दुकान आठवलं, कोरी स्क्रीन आठवली, सरांचं हसणं आठवलं. भीती कुठे गेली कोण जाणे, मला रडूच फुटलं. मी मोठ्याने "काका" अशी हाक मारली. त्या खोलीत माझाच आवाज मला परका वाटला. ठिपका जागचा हलला नाही.

मग मी ते केलं ज्यासाठी काकूंनी मला पाठवलं होतं. मोबाईलमध्ये मुरुडच्या घराचा फोटो होता, दवाखान्याच्या इमारतीचाही होता, बसूदादाने पत्ता कळावा म्हणून पाठवलेला. दोन्ही शेजारी शेजारी स्क्रीनवर लावले. विचारलं, काका, कुठं न्यायचं तुम्हाला? औषधपाणी चालू ठेवायचं, की घरी?

ठिपका वर आला. दवाखान्यावर जेमतेम टेकला, आणि घराच्या फोटोवर जाऊन बसला. दारावर. हललाच नाही.

माझ्यातली विद्यार्थिनी त्याही अवस्थेत जागी होती, याचा मला तेव्हा अभिमान वाटला. काही लोकांना एकाच बाजूला बघायची सवय असते. म्हणून मी फोटोंच्या जागा बदलल्या. ठिपका फिरून पुन्हा घरावर आला. मी फोटो काढून टाकले. तो परत खाली, डावीकडे गेला.

मी तिथूनच फोन लावला. फोन काकूंनी घेतला. मी म्हणाले, काका घरी म्हणतात. काकूंनी कसं, कुठं, काहीसुद्धा विचारलं नाही. फक्त "बरं" म्हणाल्या, आणि मग बसूदादाला काहीतरी बोललेलं मला ऐकू आलं. दादाने फोन घेऊन विचारलं, मशीन नांदेडला, आप्पा इथं, मग तुला कसं कळलं? मी म्हणाले, आल्यावर सांगते. तो म्हणाला, आईचं मन थाऱ्यावर राहत असेल तर तसंच करू.

मी मुरुडला पोचले तेव्हा काका गेले होते. घरी आणल्यावर, पुढच्या खोलीत, दिवस कलायच्या सुमारास. आमच्यात बसवून माती देतात. अंत्यविधी करणाऱ्या जंगमांनी त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, मी ते बघितलं, आणि खूप रडले. पण आत कुठेतरी समाधान होतं. त्यांच्या मनासारखं झालं, आणि ते मी होते म्हणून झालं.

काकू तर येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या. पोरीनं विचारलं, त्यांनी सांगितलं, म्हणून घरच्या उंबऱ्यात गेले. बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवून जायच्या. बसूदादा एवढंच म्हणाला की, आप्पांना घेऊन आम्ही निघाल्यावर सोलापूरच्या डॉक्टरचा फोन आला होता, रिपोर्ट बघितले, घेऊन या, बघू म्हणाले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो नुसतं सांगत होता.

मी हा अनुभव इथेच थांबवला असता तर किती बरं झालं असतं. तुम्हाला आवडलाही असता.

पावसाळ्यात आमचा डेटा नव्या हार्ड डिस्कवर हलवायचं काम निघालं. प्रत्येक फाईल उघडायची, दोन्ही डोळ्यांच्या रांगा भरलेल्या आहेत का बघायचं, आणि पुढे ढकलायची. कंटाळवाणं काम. त्यात पहिल्याच नंबरची, म्हणजे काकांची, दुकानातली फाईल आली. डाव्या डोळ्याची रांग भरलेली, आणि उजव्याची पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी.

मला वाटलं, सरांच्या हातून काहीतरी राहिलं. आणि मग आठवलं. काकांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. लहानपणी तुरीच्या राशीवर खेळताना फोक लागला, तेव्हापासून बुबुळावर पांढरा डाग. घरात हे इतकं जुनं होतं की कोणी कधी बोलायचं नाही, आणि मला काकांचा चेहरा आठवतो तो तसाच आठवतो. त्या डोळ्याचं बुबुळ मशीनला सापडणं शक्यच नव्हतं.

नांदेडची फाईल उघडायला मला बराच वेळ लागला. दोन्ही रांगा भरलेल्या होत्या. उजवा डोळा डाव्याइतकाच स्वच्छ. मी त्या दिवशी ठिपके बघितले होते, दोन बघितले होते... आणि तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सरांना मी काही सांगितलं नाही. फक्त नंबर टाकून ती फाईल त्यांच्याकडे पाठवली, जरा बघाल का, रेकॉर्डिंग बरोबर आहे का म्हणून. दुसऱ्या दिवशी सर खुशीत होते. इतका चांगला डेटा क्वचित मिळतो म्हणाले. एका डोळ्यावरून नजरेची फक्त दिशा कळते, पण दोन्ही डोळे इतके स्वच्छ असले की माणूस किती लांबवर बघतोय तेही काढता येतं, दोन रेषा जिथे मिळतात तिथे. त्यांनी ते काढलं होतं. कागदावर खोलीचं चित्र काढून, खुर्ची, स्क्रीन, सगळं दाखवलं. मी विचारलं, सर, हा मधे मधे खाली बघतोय ते स्वतःच्या तळहाताकडे ना?

सर म्हणाले, "तळहात कुठला? तळहात इथे, जवळ येईल. रेषा चांगल्या पुढे जाऊन मिळतात. हे बघ, तुझं स्टूल." आणि मग चिडवत म्हणाले, "कोण होता गं हा? लेबलं सोडून सगळा वेळ तुलाच बघत बसलाय."

त्यानंतर काय बोलले ते मला आठवत नाही. त्यांच्या हातातला कागद घेऊन मी बाहेर पडले एवढं आठवतं.

मी स्वतःला सगळी स्पष्टीकरणं देऊन बघितली आहेत. मशीन बिघडलं असेल — तर त्यानंतर एकदाही का बिघडलं नाही? मीच नकळत त्याच्यासमोर बसले असेन — तर मी मलाच कशी बघत होते? काकाच असतील, आणि गेल्यावर, म्हणजे जायच्या वाटेवर, माणसाचे डोळे बरे होत असतील... हे मी मनाला खूप वेळा सांगितलं. पण मग मी "काका" म्हणून हाक मारली तेव्हा, रडत होते तेव्हा, ते माझ्याकडे बघत होते आणि एकदाही नजर हलली नाही. तशी नजर काकांची नव्हती. आणि ते काका नव्हते, तर काकांना घरी न्या असं सांगितलं कोणी? त्याला काय माहीत होतं? त्याला काय हवं होतं? सरांना हे विचारायचं धाडस नाही. स्टूल मी आता खुर्चीच्या मागे नेलंय. एकटी त्या खोलीत जात नाही. फाईल पुसलेली नाही... नियम म्हणून नाही, मला तिला हातच लावावासा वाटत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण काकूंचा फोन. उद्या सकाळी बसूदादा त्यांना नांदेडच्या गाडीत बसवून देणार आहे. मी कामाची कारणं सांगून बघितली, खोलीला कुलूप आहे म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या,

"मला फकस्त एकदाच त्यांच्या म्होरं बसू दे. तिकडं बरे हायत का, एवढंच इचार. तुला तर ते सांगत्यात."

नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागेल. ते सांगितलं की त्यांना कळेल, त्यांच्या नवऱ्याला घरी आणा असं त्यांच्या नवऱ्याने सांगितलंच नव्हतं. त्या एका गोष्टीवर ती बाई आज उभी आहे. आणि हो म्हणायचं तर मला ते मशीन चालू करावं लागेल, समोरची खुर्ची रिकामी ठेवून.

ठिपके येणार नाहीत, असं मी मनाशी म्हणत असते. पण आले, तर काकू पदर सावरतील आणि त्यांना हात जोडतील.